ओवीवरून एलपीचे हस्तनिर्मित कव्हर: ऐकण्यापासून घडीपर्यंत

गाण्यावरून हाताने केलेली अल्बमची कव्हरे दुरुस्तीसाठी माझ्याकडे येतात, तेव्हा त्यांतल्या चुका जवळजवळ नेहमी त्याच असतात. चित्र आधी काढलेले असते आणि माप नंतर घेतलेले असते, त्यामुळे चित्राचा महत्त्वाचा भाग घडीत जातो. गाण्यातला एखादा शब्द उचलून त्याचे चित्र काढलेले असते, पण गाणे ऐकताना कानाला जे जाणवते त्याचा कव्हरवर मागमूस नसतो. शाई ओली असतानाच कागद दुमडलेला असतो. या तिन्ही चुका कौशल्याच्या अभावाने होत नाहीत, कामाचा क्रम उलटा लागल्याने होतात. म्हणून या लेखात क्रमावर सर्वाधिक भर आहे आणि टप्पे येथे दिलेल्या क्रमानेच करावेत, अशी माझी आग्रहाची विनंती आहे.

उदाहरणासाठी जात्यावरच्या ओव्यांची १२ इंची एलपी, म्हणजे ग्रामोफोनची तबकडी, घेतली आहे. घरातल्या वडीलधाऱ्या बाईच्या आवाजातल्या ओव्या मुद्रित करून कुटुंबापुरत्या मोजक्या तबकड्या काढून घेतल्या आहेत आणि त्यांच्यासाठी २० कव्हरे करायची आहेत, असे धरू. छपाई लिनोकटने, म्हणजे लिनोलियमच्या तुकड्यावर ठसा कोरून, हाताने घासून करायची आहे. गाणे वेगळे असले तरी टप्पे तेच राहतात.

टप्पा १: पेन्सिल बाजूला ठेवून ऐकणे

ध्वनिमुद्रण किमान तीन वेळा, एका बैठकीत, सलग ऐकावे. पहिल्या वेळी काहीही लिहू नये. दुसऱ्या वेळी कागदावर उभी रेघ ओढून डावीकडे गाण्यात येणाऱ्या वस्तू, माणसे आणि जागा लिहाव्यात. तिसऱ्या वेळी उजवीकडे फक्त आवाजाविषयी लिहावे: काय सतत चालू आहे, काय मध्येच थांबते, काय पुन्हापुन्हा येते, कोणता आवाज जाड आहे आणि कोणता कोरडा.

ओव्यांच्या बाबतीत डावी बाजू लगेच भरते. माहेर, भाऊ, पंढरीची वाट, लेक आणि तुळस ही नावे येतात, आणि नवशिक्याचा हात लगेच जात्याशी बसलेली नऊवारीतली बाई काढू लागतो. ते चित्र चुकीचे नाही, परंतु ते कोणत्याही ओवीवर चालते, आणि म्हणूनच ते आपल्या हातातल्या ध्वनिमुद्रणाचे राहत नाही.

उजवी बाजू भरायला वेळ लागतो आणि कव्हर तिच्यातूनच निघते. मी ज्या मुद्रणावर काम केले त्यात जात्याची घरघर आवाजाच्या खाली अखंड चालू होती. वैरण, म्हणजे जात्यात घातलेले धान्य, संपत आली की दगडावर दगड घासल्याचा कोरडा, खरखरीत आवाज वर येई. बाई ओवी अर्ध्यावर न तोडता शेवटचा शब्द लांबवत, मूठभर दाणे जात्याच्या तोंडात पडत आणि घरघर पुन्हा जाड, मऊ होई. दर ओवीला हे घडत होते. कागदाच्या उजव्या बाजूला माझ्याकडे तीनच नोंदी उरल्या: गोल फिरणारे जड काहीतरी, त्यात पडणारी मूठ, आणि भोवती साचत जाणारे पांढरे. या तीन नोंदी म्हणजेच कव्हरचा आराखडा होता.

तपासणी: उजव्या बाजूच्या नोंदी वाचून दाखवल्यावर, गाणे न ऐकलेल्या माणसाला त्याची गती आणि वजन सांगता आले पाहिजे. तसे न झाल्यास पुन्हा ऐकावे. पुढे जाण्याची घाई करू नये.

टप्पा २: माप आणि कोरा नमुना

चित्राची एकही रेघ काढण्यापूर्वी रद्दी कार्डाचे पूर्ण कव्हर कापून, दुमडून, चिकटवून पाहावे. हा टप्पा गाळणाऱ्यांचे काम सर्वात जास्त वाया जाते.

१२ इंची तबकडीचे कव्हर बाहेरून साधारण ३१५ × ३१५ मिमी असते. ते एकाच कागदातून करावे. बाहेरची बाजू वर ठेवून कागद पसरला की डावीकडे मागची बाजू ३१५ मिमी, मध्ये ३ मिमीचा कणा आणि उजवीकडे पुढची बाजू ३१५ मिमी, अशी एकूण रुंदी ६३३ मिमी होते. मागच्या बाजूला वर आणि खाली १८-१८ मिमीच्या पट्ट्या ठेवाव्यात. त्या आत दुमडून त्यांवर पुढची बाजू चिकटवायची असते. त्यामुळे उंची ३५१ मिमी होते. दुकानात मिळणारा २२ × २८ इंची कार्डपेपर म्हणजे सुमारे ५५९ × ७११ मिमी, तेव्हा एका कागदातून एकच कव्हर निघते. उरलेली सुमारे २०० मिमी रुंदीची पट्टी फेकू नये. चाचणी छाप आणि पुढे सांगितलेला मागचा मजकूर यांसाठी ती लागते.

पट्ट्यांची दोन्ही टोके किंचित तिरपी कापावीत आणि कण्याकडून ३ मिमी आखूड ठेवावीत, नाहीतर त्या कण्यात अडकून कव्हर फुगते.

तपासणी: नमुन्यात तबकडी आतल्या पिशवीसह घालावी आणि कव्हर तिरपे करावे. ती स्वतःच्या वजनाने हळूच बाहेर सरकली पाहिजे. ओढावी लागत असेल तर प्रत्येक बाजू १ मिमीने वाढवून दुसरा नमुना करावा.

सीडीसाठी हेच करायचे झाल्यास तबकडी १२० मिमी व्यासाची असते आणि साधे पुठ्ठ्याचे पाकीट सुमारे १२५ × १२५ मिमीचे लागते. मात्र एवढ्या जागेत लिनोकटची बारीक अक्षरे टिकत नाहीत, हे आधीच लक्षात घ्यावे.

टप्पा ३: कागदाची निवड

कव्हरला २५० ते ३०० जीएसएमचा (दर चौरस मीटरला तितके ग्रॅम वजनाचा) कागद पुरतो. त्याहून पातळ कागद तबकडीच्या कडेने लवकर फाटतो आणि त्याहून जाड कागदाची घडी हाताने नीट बसत नाही. ओवीसाठी मला न रंगवलेला, किंचित पिवळसर हातकागद योग्य वाटला. पुण्यात शिवाजीनगरच्या हातकागद संस्थेत असे कागद पाहून, हात लावून घेता येतात. घेताना पृष्ठभागावरून बोटे फिरवावीत. फार खडबडीत कागदावर शाई सगळीकडे लागत नाही आणि छापात मीठ सांडल्यासारखे पांढरे ठिपके राहतात. थोडे ठिपके दगडाच्या पोताला शोभतात, परंतु अक्षरांवर आले की वाचन बिघडते.

यंत्रावर केलेल्या कार्डपेपरमध्ये तंतू एका दिशेला झुकलेले असतात. कागद दोन्ही दिशांनी हलकेच वाकवून पाहावा. ज्या दिशेने तो सहज वाकतो, त्या वाकाच्या रेषेला समांतर तंतू असतात. कणा त्या रेषेला समांतर आला पाहिजे. तो आडवा आला तर घडीवर कागद तडकतो आणि छापलेला रंग सुटतो. हातकागदात तंतू सर्व दिशांना पसरलेले असल्याने ही अडचण फारशी येत नाही.

२० कव्हरांसाठी २६ कागद आणावेत.

टप्पा ४: रेखाटन आणि अक्षरे

ठशाचा आकार २६० × २६० मिमी ठेवू. तो पुढच्या बाजूवर मधोमध बसवण्याचा मोह होतो, पण या गाण्यात तो उजव्या कडेला टेकवावा, कारण कव्हर तिकडेच उघडते आणि तबकडी तिकडूनच बाहेर येते. जात्याचा गोल उजव्या कडेवर अर्धवट कापलेला राहिला की तबकडी ओढताना तोच गोल पुढे चालू राहिल्यासारखा दिसतो. ठसा कापण्याच्या रेषेबाहेर ३ मिमी जाऊ द्यावा, म्हणजे कडेला पांढरी फट राहणार नाही. अशा मांडणीत डावीकडे ५८ मिमी आणि वर-खाली साडेसत्तावीस मिमी मोकळी जागा उरते. ती मोकळीच ठेवावी.

आता टप्पा १ च्या तीन नोंदी मांडाव्यात. जड फिरणारे म्हणजे भरीव गडद गोल. भोवती साचणारे पांढरे म्हणजे न छापलेल्या कागदाचे कडे, जे एका बाजूला थोडे जाड असावे, कारण पीठ जात्याभोवती कधीच सारखे पडत नाही. पडणारी मूठ म्हणजे तोंडाजवळचे थोडे दाणे. गोलाच्या पृष्ठभागावर बारीक, तुटक खुणा कोराव्यात. जात्याला टाकी लावताना दगडावर जसे घाव पडतात तसेच लिनोवर व्ही आकाराच्या पात्याने पडतात, त्यामुळे येथे दगडाचा पोत रंगवून दाखवावा लागत नाही, तो हत्यारातूनच येतो. खुंटा, बाई आणि सूप यांना मी जागा दिली नाही आणि त्यांची उणीव कोणाला भासली नाही.

अक्षरे ठशाच्याच डाव्या खालच्या कोपऱ्यात (छापात दिसेल तसा), आडवी, एका ओळीत घ्यावीत. देवनागरी शब्दातली अक्षरे सुटी करून एकाखाली एक रचू नयेत, कारण शिरोरेषा तुटली की शब्द डोळ्याला सापडत नाही. अक्षरांची उंची १२ मिमीपेक्षा कमी नसावी आणि रेघ किमान अडीच मिमी जाड असावी. म, भ, व यांच्या पोटातली जागा पुरेशी मोठी ठेवावी, नाहीतर तिसऱ्या-चौथ्या छापाला ती शाईने बुजते. अनुस्वार, रफार आणि वेलांटीचे टोक हे सुटे किंवा निमुळते भाग सर्वात नाजूक असतात. त्यांना खाली रुंद पाया ठेवावा. माझ्या पहिल्या कामात एक अनुस्वार सहाव्या छापाला निघून गेला आणि पुढचे सगळे छाप मला बाजूला ठेवावे लागले.

मागच्या बाजूचा मजकूर याच वेळी पक्का करावा: गाणाऱ्या बाईचे नाव तिला हवे तसे, गाव, मुद्रणाची तारीख आणि मुद्रण करणाऱ्याचे नाव. हा मजकूर लिनोवर कोरू नये. पातळ कागदावर छापून घेऊन, उरलेल्या पट्टीवर चिकटवून पाहावा आणि मग कव्हरवर लावावा.

सावधान: परंपरेने आलेल्या ओव्यांचा कवी माहीत नसतो, तरी गाणाऱ्या बाईची परवानगी तिच्याशी समोरासमोर बोलून घ्यावी. काही ओव्या ती घराबाहेर जाऊ देणार नाही, आणि तिचे म्हणणे शेवटचे मानावे. गाणे एखाद्या कवीचे असेल तर त्याचे शब्द कव्हरवर छापण्यास परवानगी लागते. भारतात साहित्यकृतीवरील हक्क कवीच्या हयातीत आणि त्यानंतर ६० वर्षे राहतो.

तपासणी: रेखाटनाचा मोबाइलवर फोटो काढून तो टपाल तिकिटाएवढा करून पाहावा, आणि मूळ रेखाटन भिंतीला लावून तीन मीटरवरून पाहावे. दोन्हीकडे गोल आणि कडे ओळखू आले पाहिजेत. न आल्यास रेघा वाढवण्याऐवजी कमी कराव्यात.

टप्पा ५: ठसा उलटा उतरवणे आणि कोरणे

रेखाटन ट्रेसिंग पेपरवर मऊ, ४बी पेन्सिलने सुलट काढावे. मग तो कागद पेन्सिलची बाजू खाली करून लिनोवर ठेवावा आणि पाठीमागून चमच्याने घासावे. लिनोवर चित्र आपोआप उलटे उतरते आणि छाप सुलट येतो. लिनोवर गोल आता डाव्या कडेला दिसला पाहिजे. तसा दिसत नसेल तर येथेच थांबावे.

तपासणी: कोरण्यापूर्वी ठशासमोर आरसा धरावा. आरशात शीर्षक सरळ वाचता आले पाहिजे.

लिनो कडक वाटल्यास दहा मिनिटे उन्हात ठेवावे, म्हणजे ते मऊ होऊन पाते अडत नाही. आधी व्ही पात्याने अक्षरांच्या आणि गोलाच्या कडा कोराव्यात, नंतर यू पात्याने मोकळी जागा साफ करावी. पात्याचा कल आकाराच्या बाहेरच्या बाजूला ठेवावा, म्हणजे उरलेल्या उंच भागाला पायाशी रुंदी मिळते. न कोरता धरणारा हात नेहमी पात्याच्या मागे असावा, पुढे कधीही नसावा. वळणावर हात फिरवण्याऐवजी लिनो फिरवावे.

दाण्यांसाठी वेगळा ठसा खोडरबरावर करावा. तो बाजरीच्या किंवा जोंधळ्याच्या रंगात नंतर हाताने उमटवायचा आहे. त्यामुळे दोन रंग तंतोतंत जुळवण्याची कसरत टळते आणि प्रत्येक कव्हरवर मूठ थोडी वेगळी पडते.

टप्पा ६: छपाई

छपाईच्या तक्त्यावर जाड पुठ्ठ्याच्या दोन पट्ट्या काटकोनात चिकटवून कोपरा करावा आणि ठशाची जागा पक्की आखावी. हातकागदाच्या कडा वेड्यावाकड्या असतात, म्हणून पुढच्या बाजूकडची एक आडवी आणि एक उभी कड आधी काटकोनात कापून घ्यावी व तीच नेहमी कोपऱ्याला टेकवावी.

येथे सर्वात जास्त माणसे फसतात. कागद ठशावर तोंड खाली करून ठेवायचा असतो, त्यामुळे पसरलेल्या कागदावर उजवीकडे असलेली पुढची बाजू आता डावीकडे येते. ठसा तक्त्याच्या डाव्या अर्ध्यात असला पाहिजे. तो उजवीकडे ठेवला तर चित्र मागच्या बाजूवर छापले जाते आणि हे बहुतेकांना दहा छाप झाल्यावर कळते. टप्पा २ चा कोरा नमुना उलगडून, 'पुढची' आणि 'मागची' असे लिहून तक्त्यावर पालथा घालून पाहावा.

शाई तेलाची घ्यावी. काळ्यात थोडा तपकिरी मिसळला की दगडाचा रंग जवळ येतो. काचेवर शाई पातळ पसरून रोलर फिरवावा. ती पुरेशी झाली की रोलरखालून बारीक, चिकट चरचर ऐकू येते आणि पृष्ठभाग मखमलीसारखा दिसतो. संत्र्याच्या सालीसारखा उंचसखल दिसला तर शाई जास्त झाली आहे. ठशावर तीन-चार पातळ थर द्यावेत, एकच जाड थर देऊ नये.

कागद ठेवल्यावर तो सरकू न देता लाकडी चमच्याच्या पाठीने मधून कडेकडे, लहान गोल फिरवत घासावे. एका कोपऱ्यावर हात दाबून ठेवावा आणि दुसरा उचलून पाहावा. जिथे फिके आहे तिथे पुन्हा घासावे. एका छापाला शाई धरून १५ मिनिटे जातात, म्हणजे २४ छापांना सहा तास लागतात. हे काम दोन दिवसांत विभागावे, कारण थकलेल्या हाताचा दाब कमी होतो आणि शेवटचे छाप फिके निघतात. पहिले दोन-तीन छाप नेहमीच फिके येतात. ते पट्टीच्या कागदावर काढावेत.

सावधान: छाप एकमेकांवर ठेवू नयेत. दोरीवर चिमट्याने टांगावेत. कोरड्या हवेत तीन-चार दिवस आणि पावसाळ्यात, विशेषतः कोकणात, आठवडा ते दीड आठवडा लागेल असे धरून चालावे. पांढरा कागद दाबून पाहिला असता त्यावर काळे न उमटले तरच शाई वाळली. दाण्यांचा ठसा त्यानंतर उमटवावा.

टप्पा ७: कापणे, खाच, घडी आणि चिकटवणे

आधी पोलादी पट्टी आणि नव्या पात्याने बाहेरची रेषा कापावी. मग कण्याच्या दोन आणि पट्ट्यांच्या दोन रेषांवर खाच पाडावी. त्यासाठी शाई संपलेला बॉलपेन किंवा विणकामाची बोथट सुई चालते. खाच बाहेरच्या, म्हणजे छापलेल्या बाजूने पाडावी आणि कागद खाचेपासून दूर दुमडावा. आतल्या बाजूला जो बारीक उंचवटा येतो, त्यामुळे घडी तडकत नाही.

चिकटवण्यासाठी फेविकॉल पट्ट्यांवर अगदी पातळ, जुन्या एटीएम कार्डाच्या कडेने पसरून लावावा. जास्त लावला तर तो कडेतून आत ओघळतो आणि कव्हरच्या दोन बाजू एकमेकींना चिकटतात. चिकटवण्यापूर्वी आत मेणकागदाचा चौकोन ठेवावा आणि रात्रभर जड पुस्तकांखाली दाबावे. मागच्या मजकुरासाठी मैद्याची पातळ खळ चांगली, कारण ती जागा दुरुस्त करायला वेळ देते. बाइंडर लोक खळीत मोरचूद घालतात, पण ते विषारी असते. घरी न घालता खळ त्याच दिवशी वापरून संपवावी.

तपासणी: पुस्तके काढल्यावर मेणकागद सहज निघाला पाहिजे आणि रिकामे कव्हर टेबलावर सपाट पडले पाहिजे. एखादा कोपरा उचलला गेला असेल तर तिथे फेविकॉल जाड लागलेला असतो. ते कव्हर आणखी एक दिवस दाबून ठेवावे.

तबकडी थेट हातकागदात कधीही घालू नये. त्याचे तंतू आणि धूळ तबकडीच्या खाचांत जाते. आतली गुळगुळीत पिशवी आवश्यक आहे आणि पिशवीचे तोंड कव्हरच्या उघड्या बाजूला न ठेवता वरच्या बाजूला ठेवावे. प्रत्येक कव्हरच्या मागे पेन्सिलने प्रतीचा क्रमांक लिहावा. ठसा खाद्यतेलाने पुसून, साबणाच्या ओल्या फडक्याने स्वच्छ करून, सपाट ठेवावा, म्हणजे नात्यातल्या कोणी पुढे आणखी प्रती मागितल्या तर तोच ठसा कामाला येतो.